वेचणीची हजेरी

जुन्या कागदांना कसर आणि डिंक यांचा वास येतो. आमच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराला सरकीचा वास येत होता. मी उगाच सांगत नाही. या वयात माझे डोळे, गुडघे आणि स्मरण यांच्यावर कुणी भरवसा ठेवू नये, पण नाक अजून शाबूत आहे. पेन्शनच्या कागदांत माझं जन्मसाल चुकलं होतं, त्याचा दाखला हवा म्हणून मी इतक्या वर्षांनी गावच्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापक तरुण होते, माझ्या नातवाच्या वयाचे. त्यांनी लोखंडी कपाटातून ते लांबट रजिस्टर काढलं, स्वतःच्या रुमालानं पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं. पान उघडताच सरकीचा तेलकट, उबट वास आला. मी त्यांना विचारलं, तुम्हाला येतो का. ते म्हणाले, नाही बाई, कशाचा?

माझं नाव सापडलं. जन्मसाल बरोबर होतं, माझं काम झालं होतं. तिथंच रजिस्टर मिटून उठायला हवं होतं. पण नजर खालच्या ओळीवर गेली. गिरजा. बापाचं नाव, धंदा सालदारी, दाखल झाल्याची तारीख, खारीज झाल्याची तारीख. आणि अगदी उजवीकडे, शेऱ्याच्या रकान्यात, मास्तरांच्या वळणदार अक्षरात चार शब्द: हजेरी पूर्ण. बुद्धी मंद.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मुख्याध्यापकांनी मला पाणी हवं का विचारलं. त्या चार शब्दांतले पहिले दोन शब्द माझ्या तोंडचे होते, हे त्या भल्या माणसाला कसं सांगणार?

देऊळघाटाहून पायी तासाभराच्या वाटेवरचं आमचं गाव. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-चार वर्षं. तेव्हा आम्ही नागपूरच्या राज्यातले. शाळेच्या भिंतीवर मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा नकाशा असायचा आणि त्यात बुलढाणा अगदी डाव्या कडेला, पडता पडता वाचल्यासारखा दिसायचा. शाळा म्हणजे कापसाच्या एका व्यापाऱ्याचं जुनं गोदाम. त्यानं धंदा हलवला आणि गोदाम बोर्डाला दिलं. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की त्यांतून सरकीचा वास सुटायचा. उन्हाच्या तिरिपेत रुईचे तंतू तरंगताना दिसायचे. गोदामात कापूस येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ते तंतू कुठून यायचे ते आम्ही कधी विचारलं नाही. एक मास्तर, चार इयत्ता, पटावर चाळीस मुलं.

त्या चाळिसांत गिरजा माझ्या शेजारी बसायची. तिचा बाप आमच्याकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर आमच्या शेतात राबायचा. माय मजुरीनं जायची. शाळेच्या तरटावर गिरजा मला 'तू' म्हणायची. बापासोबत आमच्या दारी आली की 'बाई' म्हणायची. हा फरक तिला कुणी शिकवला नव्हता आणि मला तो कधी खटकला नव्हता. तिचा आवाज घोगरा, थोडा फाटका. पावकी, निमकी, दिडकी तिला अशी पाठ होती की मास्तर विचारायच्या आधी तिचे ओठ हलायचे. मी मात्र निमकीतच अडखळायचे. पण माझ्याकडे पुस्तक होतं, नवंकोरं, पुठ्ठ्याचं. घरी कंदील होता. संध्याकाळी मास्तर आमच्या ओसरीवर येऊन मला वेगळं शिकवायचे आणि आई त्यांना पेलाभर दूध द्यायची. एवढं सगळं असताना दगडही पास झाला असता. मी दगडापेक्षा थोडी बरी होते.

आषाढ-श्रावणात शाळा भरलेली असायची. ओल्या डोक्यांचा, खोबरेल तेलाचा, पाटीवर थुंकून पुसल्याचा वास. दिवाळी झाली की सीतादहीचा दिवस यायचा. कापूस फुटलेला असायचा आणि पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेतात पूजा व्हायची. कपाशीच्या झाडांना हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, मग दहीभात धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे शिंपडायचा. मी आईसोबत जायचे. दह्याचा आंबूस वास आणि कपाशीच्या पानांचा कडवट वास एकमेकांत मिसळायचा. बाया कमरेला फडक्याच्या झोळ्या बांधून ओळीनं उभ्या राहायच्या. त्या वर्षी, म्हणजे आम्ही चौथीत असताना, त्या ओळीत शेवटी गिरजा उभी होती. तिच्याही कमरेला झोळी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळख न दाखवता मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत चाळिसातली अकरा मुलं उरली.

हे दर वर्षी व्हायचं. दर वर्षी मास्तर एक काम करायचे, आणि ते आमच्या गावाला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. पटावरची मुलं गैरहजर राहिली तर शाळा बंद होण्याची भीती. शिवाय ज्या मुलाची हजेरी कमी त्याला परीक्षेला बसता येत नसे. म्हणून वेचणीच्या दिवसांत शाळेत उरलेल्या मुलांनी, म्हणजे शेतवाल्यांच्या मुलांनी, आपापल्या शेतात वेचायला गेलेल्या मुलांची हजेरी द्यायची. ज्याच्या शेतात जो राबतो, त्याच्या नावाला त्या शेतवाल्याच्या मुलानं 'हजर' म्हणायचं. करीमच्या वडिलांची जमीन नदीकाठी होती, तर करीम तिघांची हजेरी द्यायचा. माझ्याकडे चौघं होती. त्यांत गिरजा.

मास्तर म्हणायचे, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढा. त्यांना बहुधा स्वतःच्या कानांची समजूत घालायची होती. हजेरी घेताना ते मान खाली घालत आणि शेवटचं नाव होईपर्यंत एकदाही वर पाहत नसत. धुक्याच्या सकाळी, दिवा न लावलेल्या त्या गोदामात ते एकेक नाव उच्चारत आणि अकरा तोंडांतून चाळीस आवाज निघत. जाड, किनरे, शेंबडे, तोतरे. रिकाम्या तरटांवरून आवाज येत आहेत असंच वाटायचं. एकदा एक कासारीण बांगड्यांचं ओझं घेऊन दारात आली. आत अंधारात चाळीस हजऱ्या चालल्या होत्या. डोळे सरावल्यावर तिनं आमची डोकी मोजली असावीत. काही न विकता ती मागच्या पावली निघून गेली आणि गावात सांगत सुटली की शाळेत दिसत नाहीत अशी लेकरं बसतात. आम्ही हसलो खरे, पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत आत एकटं थांबायला कुणी तयार नव्हतं.

आमचा आपसांतला एक नियम होता: ज्याची हजेरी द्यायची त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहायचं नाही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. करीमनं एकदा पाहिलं आणि मग दिवसभर तो कुणाशी बोलला नाही.

गिरजाचा आवाज मला पहिल्याच दिवशी साधला. घसा थोडा आवळायचा आणि शब्द नाकाकडे न जाऊ देता खाली सोडायचा. आठवड्याभरात घसा न आवळताही तो निघू लागला. मग घरी आईनं हाक मारली की माझ्या तोंडून 'ओ' गिरजाच्या आवाजात यायची. आई म्हणायची, पडसं झालं काय. ज्येष्ठमधाच्या काड्या चघळायला द्यायची.

एक दिवस गिरजाची माय आमच्या मागल्या दारी आईशी बोलताना मी ऐकलं. ती म्हणत होती की पोरीला काहीतरी बाधलं आहे. सकाळी शाळेची घंटा होते त्या सुमाराला पोर ओळीत उभ्या जागी थांबते. हात बोंडातच असतो. हाक मारली तर ऐकू येत नाही. हलवलं तर हलत नाही. थोड्या वेळानं आपली आपण वेचायला लागते. मायनं मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या होत्या, हातात काळा दोरा बांधला होता. शेत शाळेपासून दीड कोसावर. घंटा तिथं ऐकू जात नाही.

मी गिरजाला विचारलं. संध्याकाळी वेचलेला कापूस घालायला मजूर आमच्या अंगणात यायचे तेव्हा. तिनं मुळीच आढेवेढे घेतले नाहीत.

"तवा मी शाळेत असतो," ती म्हणाली. मुलांसारखं बोलायची तिला सवय होती. "तू हजर म्हनतं नं."

त्यानंतर मी एकदा मुद्दाम गप्प बसून पाहिलं. भीती वाटत होती म्हणून, आणि खोड म्हणूनही. मास्तरांनी गिरजाचं नाव घेतलं. मी ओठ घट्ट मिटले. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. टाक दौतीवर टेकवून ते थांबले, मान खालीच. आणि मग 'हजर' असा आवाज आला. तिचाच, घोगरा, थोडा फाटका. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी करीमकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मास्तरांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. संध्याकाळी अंगणात बाया हसत होत्या. सकाळी मायनं गिरजाला हाक मारली, तर म्हणे पोर भर शेतात ताठ उभी राहून 'हजर' म्हणाली.

याचा उलगडा मी कधी केला नाही, आज करणारही नाही. शहाणी माणसं म्हणतील की मुलांच्या मनाचे खेळ. असतील.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. सुरुवातीला मी गिरजाला रोज संध्याकाळी त्या दिवशीचा धडा सांगायचे. कापसाच्या ढिगाशेजारी, उष्ण, धुरळलेल्या वासात, तिची माय वजनासाठी थांबलेली असायची तेवढ्या वेळात. मास्तरांनीच मला तसं बजावलं होतं. तालुक्याच्या कन्याशाळेत वसतिगृहासकट एक जागा आमच्या गावासाठी होती. फाल्गुनात शाळा तपासणारे डिप्टी साहेब परीक्षा घेणार आणि ती जागा ठरवणार. ती गिरजाला मिळावी म्हणून मास्तर झटत होते. हजेरीचा सगळा खटाटोप त्यांनी त्या वर्षी तिच्यासाठी जास्तच जपून केला होता. एक दिवस जरी कमी भरला तरी साहेब तिला बसू देणार नाहीत, असं ते मला म्हणाले होते. म्हणून हजेरीत आणि धड्यात तू तिला सांभाळ, म्हणाले.

आठ-दहा दिवस मी सांभाळलं. मग त्रैराशिक आलं. मास्तरांनी आमच्या ओसरीवर चार संध्याकाळ घालवून ते माझ्या डोक्यात कसंबसं उतरवलं होतं. ते मी गिरजाला सांगायला लागले, तर पहिलं उदाहरण पुरतं सांगून व्हायच्या आत ती म्हणाली, कळलं, पुढे सांग. मला तिचा राग आला. इतका राग मला पुढे आयुष्यात फार थोड्यांचा आला. दुसऱ्या दिवशी मी अंगणात गेलेच नाही. आईनं सालदाराच्या पोरीशी ढिगाजवळ बसून बोलायला मना केलं, असं मी मास्तरांना सांगितलं. आई असं काही बोलली नव्हती. गिरजा दोन संध्याकाळ ढिगाशी उभी राहिली. तिसऱ्या संध्याकाळी नाही राहिली. हजेरी मात्र मी रोज देत होते, एकही दिवस न चुकता.

संक्रांतीनंतर ती परत आली तेव्हा बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी तिची बोटं फाटली होती. लेखणी धरताना ती बोटं लांब ठेवायची. मास्तरांनी शाळा सुटल्यावर तिला बसवून घ्यायला सुरुवात केली, पण तेवढ्यात तिसरी वेचणी आली आणि ती पुन्हा गेली. मी पुन्हा 'हजर' म्हणू लागले.

डिप्टी साहेब आले तेव्हा उन्हं तापू लागली होती. ते आदल्या दिवशीच आमच्या घरी उतरले होते, कारण गावात दुसरीकडे साहेबाच्या जोगी खाट नव्हती. माणूस सज्जन होता, पुण्याकडचा, हळू आवाजात बोलणारा. त्यांनी हजेरीपट उघडला आणि पानं उलटताना त्यांचा चेहरा खुलला. चाळीसच्या चाळीस मुलांची हजेरी चांगली होतीच, पण एका मुलीचा तर वर्षभरात एकही दिवस चुकला नव्हता.

"ही कोण?" त्यांनी विचारलं. "उभी राहा बाळ."

गिरजा उभी राहिली. साहेबांनी तिचं कौतुक केलं, ही मुलगी बघा, असं आम्हा सगळ्यांना सांगितलं. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. मग साहेबांनी मायेनंच, तिला सोपं जावं म्हणून तिच्या ओळखीतलं उदाहरण घातलं. एक कपाशीचं शेत वेचायला बारा बायांना आठ दिवस लागतात, तर सोळा बायांना किती दिवस लागतील?

गिरजानं थोडा विचार केला. मग तिनं विचारलं, "पयली वेचनी का तिसरी, सायेब?"

साहेबांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, बारा बाया, आठ दिवस.

"पन वेचनी कोनती? पयल्या वेचनीले बोंड कमी फुटते. दुसरीले लय रायते. तिसरीले नुसती किडकी कवडी. आन सोया बायात लेकरंवाल्या किती?"

मुलं हसली. मीही हसले, हे लिहायला हवं. साहेब हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरलं आणि त्या जागी कीव आली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू सांग."

मी म्हटलं, सहा दिवस. आमच्या शेतात मी उभ्या जन्मात एक बोंड वेचलं नव्हतं.

"वर्षभर एक दिवस न चुकता आलेली मुलगी," साहेब मास्तरांना म्हणाले, "आणि हिला एवढं येऊ नये?"

मास्तरांनी खरं सांगितलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती आणि शाळाही. त्यांना चार लेकरं होती. मी सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? काहीच नाही. साहेब आमच्याच घरी जेवणार होते. माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं असतं. ही पोर तीन महिने शाळेत नव्हती, साहेब, आमच्या शेतात होती, एवढं एक वाक्य. मी गप्प राहिले. गिरजानंही काही सांगितलं नाही. तिनं फक्त एकदा माझ्या शेजारच्या रिकाम्या तरटाकडे पाहिलं, जिथं ती स्वतः बसत असे.

साहेबांनी सांगितलं ते मास्तरांनी रजिस्टरात लिहिलं. लिहिताना त्यांचा टाक दोनदा अडला. वसतिगृहाची जागा मला मिळाली. खर्चाला पैसे असलेल्या घरच्या मुलीला सरकारी जागा मिळाली म्हणून वडिलांनी गावात पेढे वाटले. गिरजाच्या बापानं पेढा घेतला आणि पोरीला शाळेतून काढलं. मंद पोरीला शाळेत कशाला घालायची, असं तो माझ्या वडिलांना म्हणाल्याचं मी ऐकलं. वडिलांनी मान डोलावली. पुढे वसतिगृहात मुली विचारायच्या, तुझा आवाज असा का गं? तो तसाच राहिला. पस्तीस वर्षं मी मास्तरकी केली ती त्याच आवाजात. हजेरी घेताना मी प्रत्येक नावाला मान वर करून पाहायचे. मुलींना वाटायचं मी फार कडक आहे.

मी रजिस्टर मिटलं. मुख्याध्यापकांना विचारलं, या गिरजाबाई आहेत का? ते म्हणाले, आहेत ना. त्यांचीच लेक आपल्या शाळेत खिचडी शिजवते. खिडकीतून त्यांनी हाक मारली. पन्नाशीची, सडपातळ बाई पदराला हात पुसत आली. मला तिनं घरी नेलं. वाटेत तिनं शाळेत किती पोरं जेवतात, डाळ किती लागते, एवढंच सांगितलं. सगळं तोंडपाठ होतं तिला.

गिरजा ओट्यावर बाजेवर बसली होती. डोळ्यांत दोन्हीकडे मोतीबिंदू, पार पांढरे. मी समोर उभी राहून म्हटलं, गिरजे, ओळखलं का?

ती दचकली. मान वळवून ज्या बाजूनं आवाज आला तिकडे तिनं कान केला.

"कोन वो?" ती म्हणाली. "माया आवाजात कोन बोलून राह्यलं?"

मी नाव सांगितलं. तिनं माझे हात धरले, चाचपले, किती मऊ ते हात म्हणून हसली. मग शाळेच्या गोष्टी निघाल्या. तिला सगळं आठवत होतं. गोदामातला अंधार, मास्तरांची खाली घातलेली मान. धुक्यातली हजेरी. आणि बोलता बोलता ती म्हणाली, ती कासारीण आठवते का? दारात आली, आत डोकावली आणि बांगड्या न विकता पळाली.

त्या दिवशी गिरजा शेतात होती. तिची हजेरी मी दिली होती. मी विचारलं, तुला हे कुणी सांगितलं?

"कोन सांगन? म्या पाह्यलं. हिरव्या लुगड्याची होती." खरंच हिरव्या लुगड्याची होती. "मी रोज जात होती नं शाळेत. एक दिस नाही चुकली. सायबानं सोता सांगतलं. पन डोक्शातच नव्हतं माया, काय करतं?"

ते ती इतक्या शांतपणे म्हणाली, जणू कुणाच्या उंचीबद्दल किंवा रंगाबद्दल बोलत असावी. साठ-पासष्ट वर्षं ती हे स्वतःबद्दल धरून बसली होती. मला वाटलं, न सांगता उठावं. या वयात सांगून काय साधणार? पण एकदा गप्प राहून पाहिलंच होतं मी.

"गिरजे, तू शाळेत नव्हती," मी म्हटलं. "वेचनीचे तीन महिने तू आमच्या वावरात होती. तुई हजेरी मी देत होती. तुले शिकवाचं माया गळ्यात होतं, ते मी सोडून देलं. तुले तरास व्हावा म्हणून. तू मंद नव्हती वो."

तिचे पांढरे डोळे माझ्या चेहऱ्याच्या थोडे बाजूला लागले होते. बोटं एकमेकांवर फिरत होती. मग तिनं विचारलं, सायबाले हे माहीत होतं? मी म्हटलं, नाही. मास्तरले? मी म्हटलं, हो. तिनं मान हलवली. मला वाटलं ती रडेल किंवा मला शिव्या देईल. मला शिव्या हव्या होत्या.

"सायबानं लिहून ठेवलं म्हणून," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आत आत जात होता, "म्या हिले शाळेत नाही घातलं. म्हटलं मायीच लेक. रोज जाईन, आन काही यीन नाही. फुकट चार पोरांत तिचं हासं."

तिची लेक चहाची कपबशी घेऊन दाराच्या उंबऱ्यात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. कपातला चहा बशीत सांडला होता. तिनं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"मंग मीबी मंद नव्हती असन," ती म्हणाली.

आणि तेच वाक्य तिनं पुन्हा एकदा, अगदी हळू, स्वतःशी म्हणून पाहिलं.